किडा हे जेवण नव्हे, खत!

गेल्या पावसाळ्यात, सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, आमच्या गल्लीतली दहा-बारा माणसं मिळून कासला गेलो होतो. पेठ नाक्यावरून हायवेला लागायचं, कराडला चहा, साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढून वर. बरोबर आमचे शेजारी तात्याही होते. चार एकर ऊस, पन्नास वर्षांची शेती, आणि फुलं बघायला एवढ्या लांब जायचं म्हणजे काय हा प्रश्न चेहऱ्यावर कायम.

पठारावर सगळे जांभळ्या गालिच्याचे फोटो काढत असताना तात्या एका ओलसर, खडकाळ जागी उकिडवे बसले होते. त्यांच्यासमोर वीतभरही उंची नसलेलं, लालसर, बारीक पानांचं एक झाड. पानांवर सगळीकडे केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चमकणारा थेंब. एका पानाला एक चिलट चिकटलेलं, अजून पाय हलवत होतं. मी सांगितलं, की हा दवबिंदू, हे झाड किडे खातं. तात्यांनी थोडा वेळ निरखून पाहिलं आणि म्हणाले, "सर, एवढी उपासमार हाय व्हय हितं? दोन मुठी युरिया फेकला तर ह्ये गुडघ्याएवढं हुईल की!"

सगळे हसले. मला मात्र हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही. किडे खाणाऱ्या झाडांबद्दल विचारण्यासारखा खरा प्रश्न हाच आहे. आणि त्याचं उत्तर कासच्या पठारापेक्षा आपल्या वाळवा तालुक्याच्या जास्त कामाचं आहे. उत्तर असं, की दोन मुठी युरिया टाकला तर हे झाड गुडघ्याएवढं होणार नाही. ते मरेल.

का मरेल, हे समजायचं तर आधी एक गैरसमज दूर करायला हवा. "मांसाहारी वनस्पती" या शब्दामुळे आपल्याला वाटतं, की वाघ जसा सांबर खाऊन जगतो तसं हे झाड किडा खाऊन जगतं. तसं नाही. दवबिंदूची पानं इतर झाडांसारखीच सूर्यप्रकाश, हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी घेऊन स्वतःची साखर स्वतः बनवतात. त्याचं जेवण उन्हातूनच येतं. किड्यातून त्याला मुख्यतः हवं असतं ते नत्र, आणि त्याबरोबर स्फुरद व पालाश. म्हणजे उसाला आपण जे पोत्यातून घालतो, तेच. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर किडा हे या झाडाचं जेवण नव्हे, खत आहे.

हे खत असं उडतं-चालतं पकडायची वेळ का यावी? कास हा जांभ्या खडकाचा सडा आहे. खडकावर मातीचा थर बोटभर, कुठे कुठे तेवढाही नाही. जून ते सप्टेंबर धो धो पाऊस. नत्राचे जे क्षार पाण्यात विरघळतात ते पाण्याबरोबर वाहून जातात. जिथं पाणी साचून राहतं तिथं मातीत हवा खेळत नाही, पाला-पाचोळा नीट कुजत नाही आणि उरलंसुरलं नत्रही जिवाणू वायूच्या रूपात हवेत सोडून देतात. ऊन भरपूर, पाणी भरपूर, पण नत्र जवळपास नाही, अशी ही जागा. अशा ठिकाणी ज्या झाडांनी मुळांऐवजी पानांनी नत्र मिळवण्याची सोय केली, ती टिकली.

आता ती सोय बघा. दवबिंदूच्या पानावरचा प्रत्येक केस म्हणजे एक ग्रंथी. तिच्या टोकाचा थेंब दवाचा नसतो, चिकट साखरेसारख्या द्रव्याचा असतो. किडा त्यावर बसतो आणि अडकतो. तो सुटायला धडपडतो तसे आजूबाजूचे केस त्याच्याकडे वाकायला लागतात. कासवर दवबिंदूच्या दोन जाती आढळतात. त्यातली एक नाण्याएवढी, जमिनीला चिकटून वाढणारी; तिचे कडेचे केस काही सेकंदांत वळतात. दुसरी, तात्यांनी पाहिलेली, उभी वाढणारी. तिला जास्त वेळ लागतो. किडा त्या चिकट रसात गुदमरून मरतो.

मग खरं काम सुरू होतं. त्याच ग्रंथी पाचकरस सोडतात. हा रस आम्लधर्मी असतो, आपल्या जठरातल्या रसासारखा. त्यातली काही विकरं किड्याच्या शरीरातली प्रथिनं तोडून त्यांचे बारीक तुकडे आणि अमिनो आम्लं करतात. काही विकरं स्फुरद मोकळा करतात, काही किड्याच्या कवचावर काम करतात. आपल्या जठरात पेप्सिन नावाचं विकर प्रथिनं तोडतं. कलशासारखी पानं असलेल्या मेघालयातल्या घटपर्णीच्या रसात जे विकर सापडतं, ते पेप्सिनच्याच कुळातलं आहे. म्हणजे पचनाची रीत माणसाची आणि झाडाची फार वेगळी नाही. फरक एवढाच, की आपलं जठर पोटात असतं आणि यांचं उघड्यावर.

पचन झालं म्हणजे शोषण झालं असं नाही. आपल्याकडे प्रथिनांचं पचन जठरात सुरू होतं आणि शोषणाचं मोठं काम लहान आतड्यात होतं. दवबिंदूला वेगळं आतडं नाही. ज्या ग्रंथी रस सोडतात त्याच पुढे रस ओढून घेतात. झाडाच्या इतर पानांवर मेणासारखा जलरोधक थर असतो, तो या ग्रंथींवर सलग नसतो. त्यात बारीक फटी असतात. त्यातून विरघळलेली द्रव्यं पेशींपर्यंत पोहोचतात. पेशींच्या पडद्यावर वाहक प्रथिनं असतात. ती एखाद्या दारवानासारखी अमोनियम, अमिनो आम्लं, पोटॅशियम आत घेतात. काही वेळा तर पेशीचा पडदाच आत वळून प्रथिनाचा थेंब जसाच्या तसा गिळतो, असंही संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आहे. आत गेलेलं नत्र पानाच्या शिरांमधून नव्या पानांकडे, कळ्यांकडे आणि शेवटी बियांकडे जातं. काही दिवसांनी पानावर किड्याचं रिकामं कवच तेवढं उरतं. वारा आला की तेही उडून जातं.

कासचा तो जांभळा गालिचा ज्या फुलांचा असतो, ती सीतेची आसवंही याच पंथातली आहेत. फोटो काढणाऱ्या दहा माणसांतल्या नऊ जणांना हे माहीत नसतं, कारण तिची शिकार फुलात नाही, चिखलात चालते. या झाडाला खरी मुळंच नाहीत. ओल्या मातीत पसरलेल्या धाग्यांसारख्या भागांवर मोहरीच्या दाण्याहून लहान फुगे असतात. झाड या फुग्यातलं पाणी सतत बाहेर काढतं, त्यामुळे आत दाब कमी होतो आणि फुग्याच्या भिंती आत ओढल्या जातात. तोंडाशी एक झडप. एखादा सूक्ष्म जीव झडपेजवळच्या केसाला लागला की झडप उघडते आणि पाण्यासकट तो आत खेचला जातो. हे सगळं एका मिलिसेकंदाच्या आत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळात. वनस्पतींच्या सर्वात वेगवान हालचालींमध्ये हिची गणना होते. मग झडप बंद, आतमध्ये पाचकरस, आणि फुग्याच्या आतल्या भिंतीवरच्या चार-चार हातांच्या ग्रंथींतून शोषण. या कामात फुग्यात राहणारे जिवाणूही हातभार लावतात, जसे आपल्या आतड्यातले लावतात.

ही सगळी कथा कुणाच्या कल्पनेतली नाही. चार्ल्स डार्विनने १८६०च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या ससेक्सच्या माळरानावर दवबिंदूचीच एक जात पाहिली आणि तो तिच्यात इतका गुंतला, की पंधरा वर्षं प्रयोग करून १८७५मध्ये त्याने कीटकभक्षी वनस्पतींवर अख्खं पुस्तक लिहिलं. पानांवर त्याने मांसाचे कण ठेवले, अंड्याचा पांढरा बलक ठेवला, तसेच काचेचे आणि कागदाचे तुकडेही ठेवले. नत्र असलेल्या पदार्थांवर पान घट्ट मिटून राहायचं आणि रस सोडायचं. काचेवरून मात्र लवकर उलगडायचं. अमोनियाच्या एका क्षाराचा तर मिलिग्रॅमच्या तीन लाखांव्या भागाएवढा अंशही एका केसाला वाकवायला पुरतो, असं त्याच्या हिशेबात निघालं. हा आकडा बघून त्याचा स्वतःचाच विश्वास बसेना.

तरीही शंका घेणारे होतेच. पान वाकतं, रस सोडतं हे ठीक, पण झाडाला त्याचा उपयोग काय? त्याचं उत्तर डार्विनचा मुलगा फ्रान्सिस याने १८७८मध्ये दिलं. त्याने दवबिंदूची रोपं जाळीखाली ठेवली, म्हणजे बाहेरचा किडा यायला नको. निम्म्या रोपांना भाजलेल्या मांसाचे बारीक कण दिले, निम्म्यांना काहीच नाही. पानांच्या वाढीत फरक होता, पण खरा फरक बियांत दिसला. खायला मिळालेल्या रोपांना दुपटीहून अधिक बिया धरल्या. कासवरच्या दवबिंदूसाठी ही गोष्ट फार मोलाची आहे. त्याचं आयुष्य पावसाळ्यापुरतं. दिवाळीनंतर सडा तापतो, रोप वाळून जातं आणि मागे राहतात त्या बियाच. चार-दोन चिलटं मिळाली की नाही यावर पुढच्या वर्षीची पिढी ठरते.

आता तात्यांच्या प्रश्नाकडे वळू. नत्राला एवढं आसुसलेलं झाड युरियाने का मरावं?

पहिलं कारण साधं आहे. या झाडांची मुळं तोकडी आणि नाजूक असतात; सीतेच्या आसवांना तर ती नाहीतच. क्षारांचा एवढा भार सोसायची त्यांची घडण नाही. हौसेने रोपवाटिकेतून व्हीनस फ्लायट्रॅप आणणारे हे अनुभवाने शिकतात. अमेरिकेतल्या कॅरोलिनाच्या दलदलीतलं हे झाड आपल्या बोअरच्या क्षारयुक्त पाण्यावर काही महिन्यांत मान टाकतं. त्याला पावसाचं पाणी लागतं आणि खत अजिबात नको असतं. मटणाचा तुकडा भरवला तर पान सडतं.

दुसरं कारण अधिक खोल आहे. शिकार फुकट होत नाही. चिकट द्रव्य बनवायला साखर जाते, विकरं बनवायला नत्र जातं, केस हलवायला ऊर्जा जाते. पानाचा सापळा केला की ते पान ऊन पकडण्यात कमी पडतं. त्यामुळे हा धंदा फक्त एकाच हिशेबात परवडतो: ऊन मुबलक, पाणी मुबलक आणि नत्र मात्र दुर्मीळ. नत्र स्वस्त झालं की हिशेब उलटतो. मग शेजारचं साधं गवत, ज्याने सापळ्यावर पै खर्च केलेली नाही, ते जोमाने वाढतं आणि बोटभर उंचीच्या दवबिंदूवर सावली धरतं. उन्हावर जगणाऱ्या झाडाचं ऊन गेलं, की चिलटं कितीही मिळाली तरी उपयोग नाही. तात्यांच्या दोन मुठी युरियाने दवबिंदू नव्हे, गवत गुडघ्याएवढं झालं असतं.

हे नुसतं तर्कट नाही. स्वीडनमधल्या दलदलींत संशोधकांनी तिथल्या दवबिंदूतलं नत्र तपासलं. किड्यातून आलेलं नत्र आणि मातीतून आलेलं नत्र वेगळं ओळखता येतं, कारण दोन्हींतलं नत्राच्या जड आणि हलक्या अणूंचं प्रमाण निराळं असतं. जिथं हवा स्वच्छ होती तिथं झाडाचं निम्म्याहून जास्त नत्र किड्यांतून येत होतं. जिथं पावसाबरोबर हवेतलं नत्र जास्त खाली येत होतं, तिथं हा वाटा एक तृतीयांश किंवा त्याहूनही खाली घसरला होता. झाडांनी शिकारीतून अंग काढून घ्यायला सुरुवात केली होती. अमेरिकेतल्या एका कलशपर्णीत तर जास्त नत्र मिळालं की कलशाऐवजी साधी चपटी पानं येतात, असं प्रयोगात दिसलं आहे. वरवर बघता झाडाचं बरं चाललेलं दिसतं. पण मुळांनी खत ओढण्याच्या शर्यतीत गवत त्याच्या कितीतरी पुढे असतं.

आणि हे नत्र पावसात येतं कुठून? काही गाड्यांच्या आणि कारखान्यांच्या धुरातून. पण मोठा वाटा शेतीतून. जमिनीवर फेकलेला युरिया मातीआड केला नाही तर त्यातला बराच अमोनिया होऊन हवेत जातो. तो वाऱ्याबरोबर फिरतो आणि कुठेतरी पावसाबरोबर, धुळीबरोबर उतरतो. हवेला तालुक्याची हद्द नसते.

इथे माझं पहिलं म्हणणं मांडतो. आपण सड्याला "पड" म्हणतो. सातबाऱ्यात पोटखराबा लिहितो. "तिथं काय पिकतं?" असं विचारतो. आणि काही पिकत नाही म्हणून तिथं काहीही करायला आपली हरकत नसते. चाळकेवाडी-वनकुसवडेच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या काही सड्यांवर बॉक्साइटसाठी खोदकाम झालं. कोकणात सड्यावर सुरुंग लावून, खड्ड्यांत बाहेरची माती आणून कलमं लावली जातात. पवनचक्की नको, आंबा नको असं मी म्हणत नाही. पण जागा निवडताना "तिथं काहीच नाही" हे गृहीत धरणं चूक आहे. तिथं माती नाही, नत्र नाही, म्हणूनच तर तिथं ते आहे जे आपल्या काळ्याभोर जमिनीत कधीच उगवणार नाही. सड्याची गरिबी हीच त्याची दौलत. तिथं माती टाकून, खत टाकून जमीन "सुधारली" की ती दौलत गेली.

कासला २०१२मध्ये पश्चिम घाटातल्या इतर स्थळांबरोबर जागतिक वारशाचा मान मिळाला, पर्यटकांवर रोजची मर्यादा आली, स्थानिक गावांच्या समित्या राखण करू लागल्या. हे चांगलंच झालं. पण संरक्षण म्हणजे कुंपण, एवढं ते सोपं नाही. कासला जाळीचं कुंपण घातलं गेलं, गुरं चरायची थांबली, आणि मग गवत माजून फुलं कमी झाल्याच्या तक्रारी आल्या. पुढे ते कुंपण काढलं गेलं. कुणी म्हणेल, गुरं म्हणजे शेण आणि शेण म्हणजे नत्रच की. खरं आहे. पण चरणारं गुरू गवताबरोबर सड्यावरचं नत्र तोंडाने उचलून गोठ्याकडेही नेतं. पिढ्यान्‌पिढ्या मोजकी गुरं चरत होती, तेव्हा हा हिशेब जुळत होता. गुरं अजिबात नसणं आणि गुरांची झुंड असणं, दोन्हींनी तो बिघडतो. प्रश्न सगळा प्रमाणाचा आहे. म्हणून सड्याचा निर्णय घेताना तिथं पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या धनगर-गवळ्यांना आणि शेतकऱ्यांना विचारल्याशिवाय कुणी काही ठरवू नये, असं मला वाटतं.

प्रमाणाचा हा प्रश्न सड्यावरून खाली उतरून थेट आपल्या बांधावर येतो. हे माझं दुसरं म्हणणं.

डासाएवढ्या किड्याचं वाळलेलं वजन जेमतेम मिलिग्रॅमच्या आसपास. त्यातला साधारण दहावा भाग नत्र. दवबिंदू हंगामभरात अशी काही चिलटं मिळवतो आणि त्यावर पुढची पिढी उभी करतो. आता आपला आडसाली ऊस बघा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची, म्हणजे एकरी १६० किलो. सगळं नत्र युरियातून द्यायचं म्हटलं तर ४५ किलोची पावणेआठ पोती. ही शिफारस झाली. गावात बसून विचारा, किती जण एवढ्यावर थांबतात? "शेजाऱ्यानं दहा टाकली, मग आपण बारा टाकू" हा आपला कृषी सल्ला. वर पाटाने भरमसाट पाणी.

ऊस हे काही दवबिंदू नव्हे, त्याला नत्र लागतंच. पण टाकलेल्या नत्रातलं पिकाला लागतं ते बऱ्याचदा निम्म्याहूनही कमी. बाकीचं हवेत जातं, ओढ्याने कृष्णा-वारणेत जातं, आणि नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली झिरपत विहिरीत, बोअरमध्ये जातं. जादा पाण्याने क्षारपड झालेल्या जमिनी आपण डोळ्यांनी बघतो, पांढऱ्या पडलेल्या शेतांजवळून रोज जातो. विहिरीतलं नायट्रेट मात्र दिसत नाही. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही.

पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं, असं भारतीय मानक सांगतं. धडधाकट मोठ्या माणसाला थोड्या जास्तीने लगेच काही जाणवत नाही. धोका असतो तो सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला, विशेषतः वरचं दूध पाण्यात कालवून दिलं जात असेल तर. नायट्रेटचं शरीरात नायट्राइट होतं आणि ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहून नेण्याच्या कामातून काढून टाकतं. बाळाचे ओठ, नखं निळसर पडतात, श्वास लागतो. असं दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नये, तडक दवाखाना गाठावा. आणि एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगा: पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. जंतू मरतात, पण पाण्याची वाफ होऊन उरलेल्या पाण्यात नायट्रेट उलट थोडं दाट होतं. सहा महिन्यांपर्यंत निव्वळ आईचं दूध, वरून पाणीसुद्धा नाही, हा डॉक्टरांचा सल्ला इथं दुहेरी कामाचा आहे. ज्यांच्या घरात विहिरीचं किंवा बोअरचं पाणी पितात त्यांनी ते वर्षातून एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्यावं, आणि नमुना देताना "नायट्रेटही बघा" असं आवर्जून सांगावं.

शेतात करायचं तेही काही अवघड नाही. माती परीक्षण करून मात्रा ठरवा. उसाला नत्र एकदम न देता लागणीपासून मोठ्या बांधणीपर्यंत चार हप्त्यांत द्यावं, ही विद्यापीठाचीच शिफारस आहे. युरिया उघड्यावर फेकू नका, मातीआड करा. ठिबक असेल तर ठिबकमधून थोडं थोडं सोडा. यात नवीन काही नाही. प्रत्येक शेतकरी मेळाव्यात हे सांगितलं जातं आणि टाळ्या वाजवून आपण घरी येतो. पोतं स्वस्त आहे तोवर मोजायची गरज वाटत नाही, हे खरं दुखणं आहे. म्हणून माझं मत असं, की कारखान्यांनी उसाच्या वजनाबरोबर सभासदाच्या मातीचीही नोंद ठेवावी, आणि ग्रामपंचायतींनी गावातल्या पिण्याच्या विहिरींच्या नायट्रेटचा आकडा चावडीवर फळ्यावर लिहावा. आकडा डोळ्यांसमोर आला की माणूस आपोआप मोजायला लागतो.

मोजणं हे या झाडांकडूनच शिकावं. व्हीनस फ्लायट्रॅपच्या पानात बारीक केस असतात. एका स्पर्शाने पान मिटत नाही. तो पावसाचा थेंबही असू शकतो. वीसेक सेकंदांत दुसरा स्पर्श झाला तरच मिटतं. मिटल्यावरही पाचकरस लगेच येत नाही. आत अडकलेला जीव धडपडत राहिला, स्पर्श पाचच्या पुढे गेले, की मगच विकरं बनवायला सुरुवात होते. जर्मनीतल्या संशोधकांनी २०१६मध्ये हे मोजून दाखवलं. ज्याला मेंदू नाही ते झाड खर्च करण्याआधी पाचपर्यंत मोजतं. आपण पोत्याचं तोंड सोडण्याआधी निदान मातीचा अहवाल तरी बघावा.

कासहून परतताना तात्या बराच वेळ गप्प होते. कराड मागे पडलं तेव्हा म्हणाले, "म्हंजी सर, ज्येला जेवढं पायजे तेवढंच द्यावं. जादा दिलं की त्येच मरतंय, न्हाईतर त्येच्या शेजारचं माजतंय." पुढच्या आठवड्यात ते दोन पिशव्या घेऊन दारात उभे. एका पिशवीत शेतातली माती, दुसरीत बाटलीभर विहिरीचं पाणी. दोन्ही कुठं तपासायला द्यायचं, एवढंच विचारायला आले होते.